विधी, निषेध आणि अर्थवाद : कामाच्या जागी समूहाशी बोलताना

पाच-पन्नास माणसे एके ठिकाणी काम करू लागली, की त्यांच्याशी सर्वांदेखत बोलण्याची जबाबदारी कोणावर तरी येतेच. शेतात आवणी चालू असो, यंत्रमागाच्या कारखान्यात पाळी बदलत असो, किंवा गोदामाच्या दाराशी मालाचा ट्रक लागलेला असो. काम सुरू होण्यापूर्वी आणि काम बिघडल्यानंतर असे दोन वेळा तरी हे बोलणे अटळ असते. ते ‘सकारात्मक’ असावे, असा उपदेश आज सर्वत्र केला जातो. प्रशिक्षणवर्गांत तो होतो, पुस्तकांत छापला जातो, कारखान्याच्या भिंतीवर रंगवला जातो. मात्र सकारात्मक म्हणजे काय, याचा विचार बहुधा इंग्रजीच्या आधाराने होतो आणि त्याचे भाषांतर कामगारांपुढे ठेवले जाते. मराठीत आज्ञा कशी घडते, नकार वाक्यात कोठे बसतो, ‘आपण’ या सर्वनामात कोण कोण सामावते, हे प्रश्न बाजूलाच राहतात. प्रस्तुत लेखात तेच थोडे तपासावयाचे आहेत.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. दिघाशी, अंबाडी, वज्रेश्वरी या बाजूच्या गावांत भातशेती अजून आहे. पण पुष्कळ घरांतील माणसे भिवंडीकडे कामाला जातात. भिवंडी हे मूळचे मागांचे गाव. मुंबईत जकात होती त्या काळात तिच्या हद्दीबाहेर माल साठवणे व्यापाऱ्यांना सोयीचे पडे, म्हणून तालुक्यात गोदामे उभी राहिली; २०१७ साली वस्तू व सेवा कर येऊन जकात गेली, तरी ती वाढतच राहिली. कला शाखेचा पदवीधर तेथे सुपरवायझर म्हणून लागला, तर पहिल्याच दिवशी त्याला वीस-पंचवीस माणसांपुढे उभे राहावे लागते. त्यांत वडिलांच्या वयाचे हमाल असतात, वारली-कातकरी स्त्रिया असतात, उत्तर प्रदेशातून आलेली मुले असतात. आपल्या अभ्यासक्रमातील कोणत्याही प्रश्नपत्रिकेने त्या प्रसंगाची तयारी करून घेतलेली नसते.

प्रथम शब्दाचा विचार करू. शालेय व्याकरणात होकारार्थी म्हणजे करणरूपी आणि नकारार्थी म्हणजे अकरणरूपी, अशी वाक्यांची विभागणी आपण शिकतो. ‘विधायक’ हा दुसरा शब्द. गांधीजींच्या विधायक कार्यक्रमामुळे तो सर्वतोमुखी झाला. या शब्दांपेक्षा मला अधिक उपयोगी वाटते ती मीमांसकांची जुनी परिभाषा. यज्ञ हे अनेकांनी मिळून, ठरल्या क्रमाने करावयाचे कर्म. ते समोर ठेवून मीमांसकांनी वेदवाक्यांचा विचार केला आणि विधी, मंत्र, नामधेय, निषेध व अर्थवाद असे त्यांचे पाच प्रकार मानले. अमुक करावे असे सांगतो तो विधी. अमुक करू नये असे सांगतो तो निषेध. आणि स्तुती किंवा निंदा करतो तो अर्थवाद. अर्थवादाला स्वतःचे स्वतंत्र प्रामाण्य नाही, विधीचा किंवा निषेधाचा पाठीराखा म्हणूनच तो सार्थ ठरतो, असे त्यांचे म्हणणे.

हा सिद्धान्त गोदामात नेऊन पाहावा. ‘तुम्ही सगळे आमच्या परिवारातले आहात’, ‘तुमच्यासारखी मेहनती माणसे शोधून सापडणार नाहीत’, ही वाक्ये शुद्ध अर्थवाद होत. त्यांच्यापाठोपाठ ‘म्हणून आजपासून जेवणाची सुट्टी पूर्ण अर्धा तास मिळेल’ असा विधी आला, तर स्तुतीला काही अर्थ येतो. न आला, तर ऐकणारे माना डोलावतात आणि कामाला लागतात. पुढच्या वेळी मानही डोलावीत नाहीत. सकारात्मक भाषेचे आजचे बरेचसे शिक्षण या अर्थवादापाशीच थांबते. समूहापुढचे विधायक बोलणे हे गोड बोलण्याहून निराळे आहे. काय करावयाचे, कोणी करावयाचे आणि सांगणारा स्वतः त्यात कोठे उभा आहे, हे ऐकणाऱ्याला नीट कळणे ही त्याची कसोटी होय.

गोड बोलण्याची मराठीला हौस केवढी! घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. बांगडी फुटत नाही, ती ‘वाढते’. नारळ फोडीत नाहीत, तो ‘वाढवतात’; रात्री दुकानदार दुकान बंद न करता ते ‘वाढवतो’. अशुभ टाळणाऱ्या या भाषेत एक सभ्यता आहे आणि घरात ती शोभतेही. परंतु कामाच्या जागी हिशेब असतो. ‘दोन बरण्या वाढल्या’ असे गोदामात कोणी म्हटले, तर कारकून त्या जमेच्या बाजूला मांडील! शुभ बोलणे आणि विधायक बोलणे यांत हाच भेद आहे. पहिले घडलेल्या गोष्टीवर पांघरूण घालते, दुसरे ती उघडी करून पुढचे सांगते.

आता वाक्यरचनेकडे वळू. इंग्रजीत मनाई करणारा शब्द वाक्याच्या आरंभीच येतो. हिंदीतही ‘हाथ मत डालो’ या वाक्यात ‘मत’ क्रियापदाच्या आधी आहे. मराठीत मात्र ‘मशीनमध्ये हात घालू नका’ असे म्हटले की निषेध अगदी शेवटी येतो. ‘मशीनमध्ये हात घालू’ एवढे कानावर पडेपर्यंत ऐकणाऱ्याच्या मनात हात यंत्रात गेलेला असतो, आणि मग ‘नका’ येऊन तो बाहेर काढतो. वर्गात किंवा कचेरीत याने काही बिघडत नाही. पण यंत्रमागाच्या कारखान्यात उभे राहून पाहावे. माग चालू असताना शेजारच्या माणसाच्या कानाशी तोंड नेल्यावाचून शब्द कळत नाही. कामगार कितीतरी गोष्टी हाताच्या खुणांनीच सांगतात. बोलणाऱ्याचा आवाज वाक्याच्या शेवटी स्वभावतः उतरतो. गोंगाटात प्रथम हरवतो तो हाच उतरलेला भाग, आणि आपला ‘नका’ नेमका तेथे बसलेला असतो. परप्रांतातून नुकत्याच आलेल्या मुलाची अडचण तर दुहेरी होते, कारण त्याचा कान नकार क्रियापदाच्या आधी शोधीत असतो.

यावर उपाय साधा आहे. ‘ट्रक मागे येताना तिथे थांबू नका’ याऐवजी ‘ट्रक मागे येताना पिवळ्या रेषेच्या आत या’ असे म्हणावे. ‘थप्पी फार उंच लावू नका’ याऐवजी ‘थप्पी पाच पेट्यांची लावा’ असे म्हणावे. दुसऱ्या वाक्यात आणखी एक लाभ आहे. ‘फार उंच’ म्हणजे किती, हा वादाचा विषय होऊ शकतो. पाच या आकड्यावर वाद होत नाही. निषेधाचे मोठे वैगुण्य असे, की तो एक वाट बंद करतो पण दुसरी दाखवीत नाही. ‘पेटी फेकू नका’ असे सांगितले तरी ट्रक रिकामा करावयाचा राहतोच, घाई असतेच. मग पेटी कशी द्यावयाची? ‘दोघांनी धरा, हातातून हातात द्या’ असे सांगणाराला काम स्वतः ठाऊक असावे लागते. नुसते ‘नका’ म्हणणाराला त्याची गरज पडत नाही. विधायक बोलणे अवघड जाते ते यामुळे. गोड स्वभाव कोणाचाही असू शकेल, पण विधी सांगावयाचा तर कामाची माहिती हवी.

अडाणी समजल्या जाणाऱ्या माणसांनाही हे उपजत कळते. लहान मूल विहिरीकडे धावले, तर आई संथ मराठीत ‘तिकडे जाऊ नकोस’ म्हणत नाही. ती नकार पुढे ओढून ‘नको जाऊ!’ असे ओरडते, किंवा सरळ ‘थांब!’ म्हणते. ‘थांब’ हा विधीच आहे. शेतातल्या कामात तर विधीचा अर्क म्हणावा असा एक शब्द आहे : ‘चला’. चिखलात वाकलेल्या बायांना पाणी पिऊन झाल्यावर कोणीतरी ‘चला’ म्हणते आणि सगळ्या उठतात. व्याकरणाने तो द्वितीय पुरुष आहे खरा; पण म्हणणारी स्वतः उठत उठतच तो म्हणते. कापणीच्या गाण्यांना ‘भलरी’ म्हणतात. या नावात मला नेहमी ‘भले’ ऐकू येते. व्युत्पत्तीचा दावा मी करीत नाही.

याचा अर्थ निषेध भाषेतून हद्दपार करावा असा कोणी घेऊ नये. उघड्या वायरला हात लावू नये, रसायनाच्या पिंपाजवळ विडी ओढू नये, येथे दुसरा पर्याय सुचवावयाचाच नसतो. परंतु असे निषेध मोजके असले तरच उठून दिसतात. भिंतीवर तीस ‘नका’ रंगवून ठेवले, तर एकतिसावा, जो जिवावरचा आहे, तोही त्यांच्यातच मिसळून जातो.

काम बिघडल्यानंतरचे बोलणे याहून नाजूक. येथे मराठी क्रियापदांच्या जोड्या ध्यानात घ्याव्यात : फुटणे आणि फोडणे, तुटणे आणि तोडणे, पडणे आणि पाडणे, जळणे आणि जाळणे. पहिले रूप घटना सांगते, दुसरे कर्त्याकडे बोट दाखवते. वीस माणसांपुढे ‘ही पेटी कोणी फोडली?’ असे विचारले, की वीसही माणसे गप्प बसतात. ज्याने पाहिले तो चहाडखोर ठरण्याच्या भीतीने गप्प, ज्याच्या हातून झाले तो मजुरी कापली जाईल म्हणून गप्प. ‘ही पेटी कशी फुटली?’ असे विचारले, तर कोणीतरी हळूच सांगतो की ढकलगाडीचे मागचे चाक अडकते. आणि चाक अडकते हे कळणे पेटीच्या किमतीपेक्षा मोलाचे असते, कारण उद्या त्याच चाकामुळे पेटीऐवजी पाय सापडणार असतो. एका अक्षराचा फरक, पण त्यावर एखाद्याचा पाय वाचतो.

मात्र येथेही एक चोरवाट आहे. हीच अकर्मक रूपे वरच्या माणसाने स्वतःविषयी वापरली की ती ढाल बनतात. ‘पगाराला उशीर झाला’, ‘यादीत नावे राहून गेली’, ‘दुरुस्ती लांबली’. उशीर कोणी केला, नावे कोणी वगळली, दुरुस्ती कोणी लांबवली, याचे उत्तर या वाक्यांत नाही. म्हणून माझे मत असे, की खालच्याला विचारताना ‘फुटली कशी’ म्हणावे आणि स्वतःचा भाग सांगताना ‘मी केले’, ‘आम्ही केले नाही’ असे कर्त्यासह बोलावे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी नेमके उलटे ऐकू येते.

आता ‘आपण’. मराठीला प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’त ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. हिंदीच्या ‘हम’मध्ये हा भेद नाही, इंग्रजीतही नाही. गुजरातीत ‘अमे’ आणि ‘आपणे’ असा तो आहे. तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’ असा आहे, आणि भिवंडीत तेलुगू बोलणारी विणकर कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, त्यांना तो समजावून सांगावा लागत नाही. मराठीत हा भेद द्राविड भाषांच्या सहवासाने दृढ झाला असे अनेक अभ्यासक मानतात. कसेही असो, समूहाशी बोलणाऱ्या मराठी माणसाच्या हाती हे एक अमोल साधन आहे. ‘आम्ही ठरवले आहे की तुम्ही सहाला यायचे’ आणि ‘आपण सहाला सुरुवात करू’, या दोन वाक्यांत वेळ तीच, पण पहिल्यात दोन पक्ष आहेत आणि दुसऱ्यात एक.

साधन जितके चांगले तितकी त्याची नक्कल सोपी. ‘आज आपण दोन तास जास्त थांबू’ असे म्हणून साहेब स्वतः सहाच्या ठोक्याला गाडीत बसला, तर त्या ‘आपण’चा अर्थ ‘तुम्ही’ असा लागतो. मराठीत ‘आपण’ आदरार्थी ‘तुम्ही’ म्हणूनही येतो, त्यामुळे विनोद करायला कामगारांना आयतीच संधी मिळते. ‘आपण’ म्हणजे साहेबांच्या भाषेत ‘आपण थांबावे’, असे ते आपसांत म्हणतात, आणि व्याकरणदृष्ट्या ते मुळीच चूक नसतात! जे काम बोलणारा स्वतः करणार आहे, किंवा ज्याची झळ त्याला स्वतःला लागणार आहे, तेथेच ‘आपण’ म्हणावे. इतरत्र प्रामाणिकपणे ‘तुम्हांला थांबावे लागेल, मी थांबणार नाही, जादा वेळेचे पैसे मिळतील’ असे सांगितलेले बरे.

आपल्या परिसरातील एक आख्यायिका या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. वज्रेश्वरीच्या देवळाशी चिमाजी आप्पाच्या नवसाची कथा जोडलेली आहे, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला पडण्यापूर्वी, वेढा रेंगाळलेला असताना, आप्पाने सैनिकांना काय सांगितले? परंपरा सांगते ती अशी, की किल्ला हाती येत नसेल तर मला तोफेच्या तोंडी द्या, निदान माझे मस्तक तरी किल्ल्यात पडेल. इतिहासकार त्याची छाननी करोत. लोकांनी तीन शतकांच्या घरात ही कथा जपली ती कशासाठी, हे मला महत्त्वाचे वाटते. त्या बोलण्यात सैनिकांची स्तुती नाही की निंदा नाही. बोलणाऱ्याने आपले शरीर आज्ञेच्या आत ठेवले आहे.

गाडगेबाबांचे (१८७६–१९५६) उदाहरण तर सकारात्मक भाषेच्या पुस्तकी नियमांना सरळ छेद देणारे आहे. त्यांची कीर्तने निषेधांनी भरलेली असत : दारू पिऊ नका, कर्ज काढून सण करू नका, देवाला कोंबडे-बकरे मारू नका. भाषा रांगडी, प्रश्न थेट आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून काढून घेण्याची रीत. तरीही माणसे हजारोंनी बसत. कारण दिवसा गावात शिरताच बाबांच्या हाती खराटा असे. रात्री ज्यांना ते टोचून बोलत, त्यांच्या दारापुढचा रस्ता त्यांनी आधी झाडलेला असे. खराट्याने विधी आधीच सांगून टाकलेला होता, निषेध नंतर आला. एखाद्या ठिकाणचा मुकादम तोंडाने फटकळ असूनही माणसांना हवासा वाटतो, आणि गोडबोल्या साहेब नकोसा होतो, याचे रहस्य येथेच सापडेल.

समूहाशी बोलण्याची महाराष्ट्रातील सर्वांत परिपक्व पद्धत कोठे पाहावी असे कोणी विचारले, तर मी आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखीच्या तळावर पाहावी असे म्हणेन. लाखांवर माणसे, शेकडो दिंड्या, पाऊस, चिखल, आणि एकमेकांशी ओळख नाही. वाटेत कोणी कोणाला ‘बाजूला व्हा’ म्हणून ढकलीत नाही. ‘माउली, पुढे चला’ असे म्हणतात. संबोधन एकच, आणि ते बाईला, पुरुषाला, म्हाताऱ्याला, पोराला सारखेच. संध्याकाळी तळावर समाजआरतीसाठी दिंड्या गोल करून उभ्या राहतात. टाळ-मृदंगांचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार आपला दंड उंच करतो, आणि एका क्षणात सारे शांत होते. यात खरी मौज पुढेच आहे. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी त्या शांततेत आपले टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्याकडे जातात, काय झाले ते ऐकून घेतात, मिटण्यासारखे असेल तर तेथेच मिटवतात. मग हरवल्या-सापडल्या वस्तूंची घोषणा होते, दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगितली जाते आणि त्यानंतर आरती.

हा क्रम नीट पाहावा. तक्रार आधी, सूचना मग, स्तुती शेवटी. आपल्याकडील बैठकांत उलटा क्रम असतो : आधी स्तुती, मग सूचना, आणि ‘कोणाला काही विचारायचे आहे का’ हे वाक्य माणसे उठू लागल्यावर. शिवाय तक्रार करणाऱ्याला तेथे उठून बोलावे लागत नाही. त्याच्या हातात टाळ आहे, तो वाजत राहिला एवढेच पुरे. कोणाचे पोट दुखते आहे हे एका माणसाच्या नावावर न जाता दिंडीच्या नावावर जाते. जो समूहापुढे बोलू शकत नाही, त्याच्याही म्हणण्याची सोय शेकडो वर्षांच्या परंपरेने अशी लावून ठेवली आहे. कारखान्यातील पाच मिनिटांच्या सकाळच्या सभेत हे जसेच्या तसे आणता येणार नाही. पण ‘चाक अजून अडकते का?’ असा कालच्या तक्रारीचा प्रश्न सभेच्या आरंभी विचारणे कोणालाही जमेल.

इतके सांगूनही एक प्रश्न राहतोच. ज्या माणसांना आयुष्यभर फक्त ‘हो’ म्हणावयास शिकवले गेले, त्यांच्याशी बोलताना विधायक भाषा कोणती? याचे उत्तर आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्याच्या इतिहासात आहे. उंबरगाव-डहाणू भागातील वारली जमीनदारांच्या शेतावर आणि जंगल ठेकेदारांकडे वेठीला राबत. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवरा-बायको दोघे सावकाराचे ‘लग्नगडी’ होत. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली, तिला काही वारली गेले. टिटवाळा म्हणजे आपल्या शेजारच्या कल्याण तालुक्यातले, गणपतीचे. पुढे २३ मे १९४५ रोजी झरी येथे सुमारे पाच हजार वारली जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकर तेथे बोलले. गोदावरीबाईंनी या सर्व काळाची हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली. ते १९७० साली निघाले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्या ग्रंथालयात असेल तर अवश्य वाचावे.

झरीला जो निर्धार झाला त्यात दोन गोष्टी होत्या. वेठ करणार नाही, ही एक. आणि दिवसाला बारा आणे रोख मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर कामाला जाणार नाही, ही दुसरी. दोन्ही वाक्ये व्याकरणाने अकरणरूपी आहेत. पण त्या मैदानात त्यांच्याइतके विधायक दुसरे काही बोलता आले असते असे मला वाटत नाही. ज्याला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकारच नव्हता, त्याच्या तोंडी ‘नाही’ हा पहिला होकार असतो, स्वतःला दिलेला. त्यांना ‘मालकाशी प्रेमाने बोला, चांगले तेवढे पाहा’ असा सकारात्मकतेचा धडा देणारे त्या काळी निघाले असते, तर ते कोणाच्या बाजूचे ठरले असते हे सांगावयास नको.

दुसरे असे, की त्या ‘नाही’ला आकड्याची जोड होती. त्याच वर्षी गवतकापणीचा हंगाम आला तेव्हाची मागणी पाचशे पौंड गवताला अडीच रुपये अशी होती. अन्याय, शोषण, पिळवणूक हे शब्द खरे होते, पण गवत कापणाऱ्या बाईला दुसऱ्या बाईच्या कानात सांगता येईल, असा तो अडीच रुपयांचा आकडा होता. तो जंगलातून पाड्यापाड्यांत पोहोचला. त्याची किंमतही द्यावी लागली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. भाषेचा विचार करताना ही बाजू विसरता येत नाही. काही सभांत नीट बोललेल्या वाक्याची किंमत माणसांना मोजावी लागते.

मागणीला आकडा आणि तारीख द्यावयाची ही रीत त्याच्याही साठ वर्षे आधी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांत रुजवली होती. लोखंडे यांचा जन्म ठाण्याचा. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा झाल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार झाले. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्तापर्यंत, मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, आणि कामावर जखमी झालेल्यास भरपाई. पाचही मागण्या ‘हे व्हावे’ अशा आहेत, ‘हे होते आहे’ अशी तक्रार एकीतही नाही. आठवड्याच्या सुट्टीचा निर्णय गिरणीमालकांच्या संघाने १० जून १८९० रोजी घेतला. त्याआधी एप्रिलमध्ये महालक्ष्मीला भरलेल्या दहा हजारांच्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या होत्या. आज रविवारी आपण सर्व घरी असतो, तो रविवार त्या वाक्यातून आलेला आहे.

पगाराची तारीख निघाली म्हणून शेवटी एक नमुना देतो. पैसे वेळेवर आलेले नाहीत आणि सुपरवायझरला माणसांपुढे उभे राहावयाचे आहे, ही वेळ कोणावरही येऊ शकते. तेथे दोन मोह होतात. एक, ‘काळजी करू नका, सगळे ठीक होईल’ असा अर्थवाद. यात विधी नाही, तारीख नाही, आणि ‘नका’ही पुन्हा शेवटीच आहे. दुसरा, ‘माझ्या हातात काही नाही’ असे म्हणून अंग काढून घेणे. मी त्या जागी असतो तर असे म्हटले असते : ‘पगार आज होणार नाही. बाराला होईल, असे मालकांनी मला सांगितले आहे. माझाही पगार त्याच दिवशी आहे. कोणाला औषधपाण्याची किंवा शाळेच्या फीची अडचण असेल, त्याने आज पाच वाजता माझ्याकडे यावे, मी नावे लिहून मालकांकडे स्वतः नेतो. आणि बाराला पैसे आले नाहीत, तर त्या दिवशी सकाळी मी इथेच उभा असेन.’ यात पहिलेच वाक्य नकाराचे आहे. ते तसेच असू द्यावे. मात्र पाच वाजता खुर्चीवर बसलेले असावे, आणि वही-पेन जवळ असावे.